गरिबी कमी पडली

सुखवस्तू मराठी घरात काही गोष्टी असाव्याच लागतात. कुलदैवताचा टाक, अमेरिकेतला एक भाचा, गुडघेदुखीवरचं एक खात्रीचं तेल आणि एक गरीब पूर्वज. पहिल्या तिन्ही नसल्या तरी निभावतं. गरीब पूर्वज नसेल तर मुलांना बोलायचं कशाच्या जोरावर?

आमच्याकडे ती जबाबदारी आजोबांनी उचलली. रत्नागिरीकडून पत्र्याची ट्रंक घेऊन ते पुण्यात शिकायला आले आणि वार लावून जेवले. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एवढ्या भांडवलावर आमच्या पुढच्या पिढ्या भाषणं ठोकत आल्या आहेत. मी स्वतः शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत, बँकेतल्या बढतीच्या मुलाखतीत आणि लग्नाच्या बैठकीतसुद्धा आजोबांचे वार काढले आहेत. बैठकीत तर इतक्या तन्मयतेनं, की सासऱ्यांनी हळूच विचारलं, "पण आता दोन्ही वेळेला घरीच जेवता ना?"

स्वतःची म्हणून दाखवावी अशी गरिबी मात्र माझ्याजवळ नव्हती. जन्म १९७२चा, म्हणजे ऐन दुष्काळातला, हे मी आवर्जून सांगतो. त्यावर आई म्हणायची, "दुष्काळ बाहेर होता. तू आठ पौंडांचा झालास." आमच्याकडे फ्रीज फार उशिरा आला, हे चिरंजीवांना सांगून पाहिलं. "किती उशिरा?" "मी पाचवीत असताना." चिरंजीव काही न बोलता स्वतःच्या खोलीत गेले. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी अनेकदा गळ घातली, की तुम्ही म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली अभ्यास केलात असं नातवाला एकदा सांगा. आप्पा म्हणाले, "आमच्या गल्लीत दिवा नव्हता. संध्याकाळी सात वाजता झोपायचो. मार्कही तसेच पडले."

अशा परिस्थितीत '१२वी फेल' हा सिनेमा आला.

२०२३च्या २७ ऑक्टोबरला तो लागला तेव्हा कुणाला फारसा पत्ता नव्हता. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आमच्या शाखेतले रोखपाल सोमवारी लाल डोळ्यांनी काउंटरवर बसले. पगारवाढीचा करार लांबला तेव्हाही मी त्यांचे डोळे असे पाहिले नव्हते. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "साहेब, आपण आयुष्यात काहीच केलं नाही हो." हे मला माहीत होतं, पण ते बँकेच्या वेळेत बोलायचं नसतं.

गोष्ट खऱ्या माणसाची. मध्य प्रदेशात चंबळच्या खोऱ्यात मुरैना जिल्हा आहे. तिथल्या एका खेड्यातला मनोजकुमार शर्मा. त्याच्या शाळेत मास्तरच फळ्यावर उत्तरं लिहून बारावी पास करून देतात. नेमका त्याच्या वर्षी एक प्रामाणिक डीएसपी येऊन कॉपी बंद पाडतो आणि अख्खा वर्ग नापास होतो. पुढं हा मुलगा ग्वाल्हेरमार्गे दिल्लीला, स्पर्धा परीक्षावाल्यांच्या मुखर्जीनगरात पोचतो, ग्रंथालयात झाडपूस करतो, संडास साफ करतो, पिठाच्या गिरणीत राबतो आणि शेवटच्या संधीत आयपीएस होतो. अनुराग पाठक यांनी यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून विधू विनोद चोप्रांनी सिनेमा केला. या मनोज शर्मांना महाराष्ट्र केडर मिळालं आणि ते काही काळ कोल्हापूरला पोलीस अधीक्षक होते. माझ्या बायकोचं माहेर कोल्हापूर. त्यामुळे थेटरात शिरतानाच तिचा चेहरा घरच्या कार्याला आल्यासारखा झाला होता. "आपल्याकडचेच आहेत," ती शेजारच्या बाईंना म्हणाली. चंबळ तिच्या लेखी पन्हाळ्याच्या पलीकडेच कुठंतरी असावं.

साधी तिकिटं संपली होती. उरली होती ती सगळ्यात मागची, पाय वर करून बघायची. "या पैशात आजोबांचं वर्षभराचं जेवण झालं असतं," मी म्हणालो. "आजोबा फुकट जेवायचे," बायको म्हणाली. मग इथवर आलोच आहोत म्हणून कॅरॅमल पॉपकॉर्न घेतलं. गरिबीवरचा सिनेमा उपाशीपोटी बघणं मला नीट वाटेना.

सुरुवातीलाच मी ढासळलो. मनोजची आजी वर्षानुवर्षं साठवलेले पेन्शनचे पैसे नातवाच्या हवाली करते, नातू ते घेऊन ग्वाल्हेरच्या बसमध्ये बसतो आणि बसमध्येच बॅग चोरीला जाते. मुलगा परक्या शहरात रिकाम्या हातानं उभा. माझा घसा दाटला. रुमाल काढायला मी खिशात हात घालू लागलो आणि कोपर खुर्चीच्या बटणावर पडलं. पाय वर गेले. घाईनं दुसरं बटण दाबलं, तर पाठ खाली गेली. पुढं कुठलंही बटण दाबलं तरी खुर्ची फक्त घुर्र करायची. पॉपकॉर्न छातीवर, मी आडवा, आणि समोर माझ्याच दोन पावलांच्या फटीतून मनोज झालेला विक्रांत मॅसी ग्वाल्हेरच्या हॉटेलात पोटासाठी काम मागतोय. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. आमच्या बाजूनं त्या दिवशी दाखवण्याजोगी गरिबी तेवढीच.

मध्यंतराला बायको समोसे आणायला गेली आणि तिथला एक मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. विशीचा असेल, कमरेला टॉर्च. खुर्चीखाली डोकं घालून तो काम करू लागला. मी आडव्या आडव्याच त्याला प्रेरणा देऊ लागलो. "सिनेमा पाहिलास का रे?"

"शेवट पाहिलाय, सर. रोज बघतो."

"म्हणजे?"

"दारं उघडायला शेवटची दहा मिनिटं आत उभं राहावं लागतं. सगळ्याच पिक्चरचे शेवट पाहिलेत. हा पास होतो. नापास कसा झाला होता, सर?"

मी त्याला कॉपी, डीएसपी वगैरे सांगितलं. त्यानं ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या तालुक्यासारखंच." मग त्यानं एक स्क्रू पिळला आणि मी अचानक ताठ बसलो.

उत्तरार्ध मात्र मी माणसासारखा पाहिला, आणि तो आहेच तसा. गिरणीतली ती अंधारी खोली, दिवसभर दळण, रात्री त्याच पिठात बसून वाचन. मॅसीच्या पापण्यांवरसुद्धा पीठ दिसतं. हा नट कुठंही 'बघा मी कसा सोसतो' असं करत नाही. भूक लागलेल्या माणसाच्या हालचाली जरा मंद होतात, एवढंच तो दाखवतो. मला सगळ्यात भावला तो गौरीभैय्या. स्वतःच्या सगळ्या संधी संपून नापास झालेला, आणि मग तिथंच चहाची टपरी टाकून इतर पोरांना उभं करणारा. सिनेमातला माझा सर्वांत आवडता माणूस पास होत नाही, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. शेवटाकडे दिग्दर्शकांनी प्रेक्षकांच्या रुमालावर जरा जास्तच भरवसा ठेवलाय, आणि मुलाखतीचा प्रसंग खऱ्या मुलाखतीपेक्षा सुबक झालाय. पण हे मी रुमाल पिळून झाल्यावर बोलतोय.

बाहेर पडलो तो अंगात वारं शिरल्यासारखा. आपल्या गावातही एक मुखर्जीनगर आहे, सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड, हे आठवलं. बायकोला म्हटलं, चल, तिथं चहा घेऊ. तिथल्या अमृततुल्यासमोर पाठीला सॅक लावलेली पोरं उभी होती. कॉट बेसिसवर राहायचं, मेसला जेवायचं, अभ्यासिकेत टेबल लावायचं आणि 'जाहिरात कधी येणार' हे एकमेकांना विचारायचं, असा तिथला दिनक्रम. मी त्यातल्या दोघांना गाठलं. एक परभणीकडचा, एक सांगोल्याचा. म्हटलं, "पोरांनो, हरायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं!"

परभणीचा नम्रपणे म्हणाला, "काका, आमचं दरवर्षी तेच चालूय."

त्यांनी सिनेमा पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. आवडला होता. पण त्यांच्या बघण्यात आणि माझ्या बघण्यात फरक होता. मी रडलो त्या जागी ते हिशोब करत होते. मनोज गिरणीत किती तास, त्यातून खोलीभाडं किती, चहा किती, मग अभ्यासाला उरतात किती. सांगोल्याच्या मुलाच्या मते, गिरणीत राहायला मिळतं म्हणजे भाडं वाचतं, ही त्या गिरणीची जमेची बाजू होती.

"तेव्हा चारच अटेम्प्ट होते हो," मी हळहळलो. खुल्या गटाला तेव्हा यूपीएससीला चारच संधी मिळत. "आता सहा झालेत. तुमचं किती बरं झालं!"

"हो," सांगोल्याचा म्हणाला. "दोन वर्षं भाडं जास्त."

मग त्यांनी मला राज्याच्या लोकसेवा आयोगाचं सांगितलं. नवी लेखी पद्धत लगेच नको, २०२५पासून लावा, म्हणून २०२३च्या सुरुवातीला ही पोरं पुण्यात रस्त्यावर बसली होती आणि ते मान्य झालं होतं. मला आठवलं. त्या दिवशी मी गाडीत अडकलो होतो आणि काच वर करून 'यांना अभ्यास नाही का' असं म्हणालो होतो. ते मी त्यांना सांगितलं नाही. यूपीएससीला त्या २०२३च्या परीक्षेसाठी दहा लाखांच्या वर अर्ज आले आणि शेवटी निवडले गेले १०१६. हजारात एक. परभणीचा म्हणाला, "काका, पिक्चर त्या एकाचा निघतो. बरोबरच आहे म्हणा. बाकीच्यांचा काढायचा तर मध्यंतरं किती घेणार?"

चहाचे पैसे द्यायला मी पाकीट काढलं, तर त्यांनी आधीच दिले होते. बायको गाडीत म्हणाली, "बेरोजगार पोरांकडून चहा प्यायलात. आजोबांचा वारसा चालवताय."

या टोमण्यानं मी पेटलो. दुसऱ्या दिवसापासून गादी सोडली आणि चटईवर झोपू लागलो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फिजिओथेरपिस्टची फी गादीच्या किमतीच्या जवळपास गेली आणि मी गादीवर परत गेलो.

पण गिरणी मनातून जाईना. मॅसीच्या पापण्यांवरचं ते पीठ. आपणही एकदा, तासभर का होईना, अंगावर घ्यावं. चिरंजीवांना निदान एक फोटो तरी दाखवता येईल. फ्रीजवर किती दिवस काढणार?

कोपऱ्यावरच्या गिरणीत मी गेलो ते नेमका दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. वाचकांतल्या गृहिणींनी इथंच कपाळाला हात लावला असेल. लक्ष्मीपूजन त्या वर्षी १२ नोव्हेंबरला होतं. गिरणीच्या दारापासून पायरीपर्यंत स्टीलचे डबे ओळीनं लागलेले. प्रत्येकावर चिठ्ठी: 'भाजणी – बारीक', 'लाडू – जाडसर', 'गहू – गव्हावरच!!' शेवटच्या चिठ्ठीवरची उद्गारचिन्हं सोडून बाकी सगळं मला त्या वेळी क्षुल्लक वाटलं.

"मालक," मी मोठ्यानं म्हटलं, "१२वी फेल!"

"कुणाचा मुलगा?" मालकांनी विचारलं.

गिरणी चालू असताना सिनेमाची गोष्ट सांगणं अवघड असतं. मी चंबळपासून सुरुवात केली, ते दर वाक्याला "काय?" म्हणत होते. शेवटी एवढं त्यांना कळलं, की हा माणूस फुकट काम करायला तयार आहे. त्यांचा हाताखालचा पोरगा छठपूजेला बिहारला गेला होता. "कपडे खराब होतील, साहेब." "व्हायलाच पाहिजेत," मी म्हणालो. मालकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, एक फडकं दिलं आणि डबे उचलायला सांगितलं.

पंधरा किलोचा डबा खांद्याच्या उंचीपर्यंत नेऊन वरच्या नरसाळ्यात हळूहळू ओतायचा, खाली कापडी नळीतून पीठ पडतं तिथं रिकामा डबा लावायचा, नळी झटकायची, की तोवर पुढचा डबा. पीठ गरम असतं, हे मला ठाऊक नव्हतं. चिमटीत घेतलं की चटका बसतो. मालक मधूनमधून येऊन अंगठा आणि तर्जनीत पीठ चोळून बघायचे आणि बाजूचं चाक जरासं फिरवायचे. दगडांना आठवड्यापूर्वीच टाकी लावून घेतलीय, असं ते अभिमानानं म्हणाले. त्यांनी गिरणीत तीस वर्षं काढली होती. मी त्यांना मोठ्यानं विचारलं, की तुमच्यावर सिनेमा का नाही निघाला? ते म्हणाले, "मी कुठं सोडून गेलो?"

त्यांना एकच शंका होती. "त्या हिरोनं गिरणीत डायलॉग म्हटले?"

"म्हटले की."

"मग गिरणी बंद असणार."

मॅसीच्या केसांवर पीठ बसतं. माझ्या डोक्यावर बसायला जागा भरपूर, पण धरून ठेवायला काही नाही. ते घसरून भुवयांत आणि कानांत जमलं. हातात पुस्तकही हवं होतं. अभ्यासाला दुसरं काही नसल्यानं मी केवायसीसंबंधीची बँकेची परिपत्रकं घेऊन गेलो होतो. मालक चहाला निघाले. जाताना म्हणाले, "आता ती भाजणी टाका. ती झाली की चाक अर्धा फेरा मोकळं करा, मग लाडवाची डाळ." मी मान डोलावली. भाजणी टाकली. बल्बखाली उभा राहून एका हातात परिपत्रक धरलं, दुसऱ्या हातानं फोन लांब धरून फोटो काढला. मजकूर कळत नव्हता, पण चेहऱ्यावर ते भाव आले होते. मग चाकाचं आठवलं आणि मी ते लगेच अर्धा फेरा मोकळं केलं. भाजणी तेव्हा नुकतीच पडायला लागली होती. ती संपता संपता वाटलं, आपण घाई केली, म्हणून चाक पुन्हा घट्ट केलं. बरोबर त्याच वेळी डाळ सुरू झाली.

फोटो मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'संघर्ष'. अमेरिकेतल्या भाच्यानं विचारलं, "मामा, एवढ्यात होळी?"

आता ज्यांना स्वयंपाकघराची माहिती नाही, त्यांच्यासाठी. चकलीची भाजणी बारीक दळावी लागते. जाडसर राहिली तर सोऱ्यातून निघतानाच चकलीचे तुकडे पडतात आणि कढईत गेल्यावर जो काही प्रकार होतो त्याला आकार राहत नाही. उलट बेसनाच्या लाडवाला डाळ रवाळ हवी. पिठूळ बेसनाचा लाडू टाळ्याला चिकटतो आणि बोटानं काढल्याशिवाय निघत नाही. एका फेऱ्यात मी आमच्या इमारतीतल्या दोन घरांची दिवाळी उलटीपालटी केली होती. आणि फराळाची ताटं दोन घरांत थांबत नाहीत. त्या आठवड्यात चकलीच्या नावाखाली चिवड्यात मिसळता येईल असं काहीतरी घरोघर फिरलं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दिवाळी पहाटच्या कार्यक्रमात लाडू तोंडात टाकून मेंटेनन्सवाढीची घोषणा करायला उभे राहिले आणि बराच वेळ माइकसमोर नुसते हुंकार देत राहिले. तेवढ्यात गायकांनी भूपाळी सुरू केली. ती वाढ पुढच्या बैठकीपर्यंत लांबली. याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

सगळ्यांचा संशय गिरणीच्या मालकांवर गेला. दगड झिजले असतील, वीज कमी आली असेल. मालक माझं नाव घेऊ शकले असते. त्यांनी घेतलं नाही. मी सुटलो होतो. पण माझ्या बायकोला त्या फोटोची फार गंमत वाटली होती, आणि चकल्यांचा शोक करायला आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना हसवावं म्हणून तिनं तो दाखवला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. माझ्या परिपत्रकाच्या मागं, चाकाला लागूनच, त्यांचा डबा होता, झाकणाशेजारी त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेला. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यावर नाव घालतात ते कशासाठी, हे मला त्या दिवशी समजलं.

भरपाई म्हणून दोन्ही घरांना चकल्या आणि लाडू मी विकत आणून दिले. साजूक तुपातले. हिशोब केला तर मागच्या रांगेची तिकिटं, पॉपकॉर्न, फिजिओथेरपी आणि फराळ मिळून गरिबीच्या या अनुभवाला मला चांगलाच पैसा लागला. ज्याच्याकडे तो नाही, त्यानं या भानगडीत पडू नये. चिरंजीवांनी फोटो पाहिला. "बाबा, केवायसीचा पेपर उलटा धरलाय," एवढंच म्हणाले.

पुढं सिनेमा घरच्या पडद्यावर आला तेव्हा आप्पांना दाखवला. ऐंशी पार झाली आहेत, सिनेमा बघताना मध्येच झोपतात. या वेळी झोपले नाहीत. आजी वारल्याचं मनोजला कुणी कळवत नाही आणि तो घरी गेल्यावर त्याला समजतं, त्या जागी ते जरा पुढं सरकून बसले. संपल्यावर मी म्हणालो, "अगदी आपल्या आजोबांसारखं, नाही?"

"काय आजोबांसारखं?"

"ते वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी..."

"गुरुवारी कुणाकडे, ते माहितीये?" आप्पांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मी भाषणात नेहमी मंगळवारपर्यंतच जात असे. "गुरुवारच्या घरी मागच्या दारानं बोलवायचे आणि दुधीची भाजी वाढायचे. सकाळची. बाकीच्यांचं जेवण झालं की. मॅट्रिक होईपर्यंत दर गुरुवारी. तुझ्या आजोबांनी पुढं जन्मभर घरात दुधी आणू दिला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, वात होतो."

आमच्या घरात दुधी का येत नाही, याचं कारण मीही लहानपणापासून वात असंच सांगत आलो आहे.

"मग हे कुणाला सांगितलं का नाही त्यांनी?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" आप्पा म्हणाले आणि बातम्या लावायला सांगितल्या.

२०२५च्या ऑगस्टमध्ये ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. '१२वी फेल' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि विक्रांत मॅसीला शाहरुख खानच्या जोडीनं अभिनयाचा पुरस्कार मिळाला. बायकोनं कोल्हापूरला फोन करून सगळ्यांचं अभिनंदन केलं. आमच्या रोखपालांनी पेढे आणले. मी गिरणीत जाऊन मालकांना बातमी दिली. त्यांनी "काय?" म्हटलं, मी पुन्हा सांगितलं, आणि मग त्यांनी मला हातानंच उंबऱ्याबाहेर उभं राहायला सांगितलं. आत यायची मला अजून परवानगी नाही.

तुम्ही अजून पाहिला नसेल तर सिनेमा जरूर पाहा, आणि साध्या खुर्चीत बसून पाहा. दिवाळीच्या तोंडावर बघणार असाल तर भाजणी आधी दळून आणा, आणि गिरणीत कुणी भुवया पांढऱ्या झालेला माणूस परिपत्रक वाचताना दिसला, तर डबा उचलून दुसऱ्या गिरणीत जा.